कोंबड्यांच्या मॅटाडोरमधली परिक्रमा

मला आता फोन करू नका, एवढी विनंती आधीच करून ठेवतो. कोणती जुनी गाडी घ्यावी, आत पलंग कसा बसवावा, टपावर पाण्याची टाकी ठेवली तर चालेल का, हे मी यापुढे कोणालाही सांगणार नाही. सांगून सांगून थकलो आहे, आणि ज्या भरवशावर लोक मला विचारतात तो भरवसाच खोटा आहे.

झालं असं की माझ्या साडूच्या पुतण्याने आमच्या मॅटाडोरचा एक व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. निळी-पांढरी जुनी गाडी, आत पलंग, फुलाफुलांचे पडदे, शेगडी, छोटा पंखा, आणि शेजारी हातात पाना घेऊन मी. खाली त्याने लिहिलं की शाळेची जुनी गाडी, परदेशी कॅम्पर गाडीला हा आमचा स्वस्त पर्याय, हिच्यातून काका-काकूंची नर्मदा परिक्रमा पूर्ण. तेव्हापासून पुणे, नाशिक, इंदूर, कुठून कुठून फोन येतात.

"काका, ती जुनी जर्मन बस मिळतच नाही हो. मिळाली तर किंमत ऐकून घाम फुटतो. मॅटाडोर घेऊ का?"

"घ्या."

"की ओम्नी घेऊ?"

"उंची किती तुमची?"

"पाच फूट दहा."

"मग ओम्नीत पाय दाराबाहेर काढून झोपावं लागेल."

"बरं, आणि काका, व्हिंटेज लुक कसा आणायचा?"

इथे मी फोन ठेवतो. गाडी तीस वर्षांची आहे. तिने जुनं दिसण्यासाठी आणखी काय करायचं?

चाळीस वर्षं विसरवाडीला हायवेवर माझं गॅरेज होतं. सुरतेकडे जाणारे ट्रक, काळीपिवळ्या जीपा, मॅटाडोर, टेम्पो, सगळ्यांच्या पोटाखाली मी झोपलेलो आहे. त्यामुळे गाड्यांविषयी मी जे सांगतो ते बहुतेक बरोबर असतं. पण त्या व्हिडिओत दोन गोष्टी खोट्या आहेत. गाडी कुठून आली ते पुतण्याला मी सांगितलेलं खोटं आहे. आणि 'परिक्रमा पूर्ण' हेही खोटं आहे. दोन्ही खोटी माझी. साडू गेला, त्यामुळे आता खरं सांगायला मी एकटाच उरलो आहे.

साडू शाळामास्तर होता, शहाद्याकडे प्रकाशा तीर्थाजवळच्या एका गावात. घरची शेती, केळी, ऊस, थोडा कापूस. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची मोठी, माझी धाकटी. माझी बायको गेली तेव्हा गॅरेजही बंद करायच्या बेतात होतो. साडू म्हणाला, एकटा विसरवाडीत काय धूर खातोस, आमच्या मळ्यातल्या खोलीत ये. आलो. मोठ्या मेव्हणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. त्या दोघांच्या हातचं मी इतकी वर्षं खाल्लं आहे, म्हणून पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

आक्काच्या माहेरच्या गावावरूनही नर्मदेचे परिक्रमावासी जायचे, सासरच्या गावावरूनही जातात. पाठीवर पोतडी, हातात काठी, "नर्मदे हर" म्हणत दारात उभे राहतात. लहानपणापासून ती त्यांना जेवू घालत आली. एकदा आपणही नदीला फेरी घालावी एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितली. पण तिचे गुडघे गेलेले. पायी जमणार नाही, आणि बसमध्ये चाळीस माणसांच्या वेळेने उठायचं, दुसऱ्याच्या हातचं खायचं, हे तिला नको होतं.

साडू रिटायर झाला आणि त्याच्या हातात मोबाईल आला. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

"साडू, हाई दख," म्हणत तो एक फोटो माझ्यापुढे धरायचा.

"काय शे?"

"जर्मन बस शे. जुनी. आतमा पलंग शे, चूल शे, सगळं शे. गोरा लोके हिमाच राहतस."

"मंग?"

"आशी लेवानी शे. आक्काले परिक्रमाले लई जासूत."

"आनि ठेवशी कोठे? केळीना वावरमा?"

"तू मस्करी करू नको."

"मस्करी नही. तिनी एक काच फुटनी तर काय जर्मनीले जाशी का लेवाले?"

तो रागावून जायचा आणि दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो घेऊन यायचा. लाल बस, हिरवी बस, टपावर तंबू उघडणारी बस. गोव्यात एक विकायला होती. तिची जी किंमत त्याने सांगितली तेवढ्यात शहाद्याला प्लॉट आला असता. मी म्हणालो, तू ज्या गाडीसाठी वेडा झाला आहेस तिचं काम आपली मॅटाडोर करते. तोंडवळाही सारखाच, पुढे गोल, सपाट. तिचा प्रत्येक नट आपल्याकडे धुळ्यात मिळतो आणि नाही मिळाला तर मी बनवतो. साडू म्हणायचा, मॅटाडोरला ती शान नाही. या शब्दाने माझं डोकं फिरायचं. शान म्हणे! घाटात गाडी बंद पडली की शान ढकलायला येते का?

आता वाटतं, तेव्हाच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण मला त्याला हरवायचं होतं.

नवापूरच्या बाजूला एका पोल्ट्रीवाल्याच्या शेडमागे एक मॅटाडोर उभी होती. ती मी वर्षानुवर्षं दुरुस्त केलेली, म्हणून इंजिन कसं आहे ते मला पाठ होतं. इंजिन उत्तम. पण आयुष्यभर तिने पिल्लांचे ट्रे वाहिले, मग अंडी, आणि शेवटी शेवटी अंडी देणं थांबवलेल्या कोंबड्या. कोंबडखत पत्र्याला काय करतं हे नवापूरकडच्या कोणत्याही वेल्डरला विचारा. ओलं झालं की पत्रा आतून खातं. वरून रंग ठीक दिसतो आणि खाली बोट घातलं तर बोट आरपार.

साडूच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. कोंबड्यांची गाडी म्हटलं असतं तर तो तिच्या सावलीला उभा राहिला नसता. मी सांगितलं, शाळेच्या पोरांची ने-आण करणारी गाडी आहे. महिनाभर मी ती धुतली. चुना, फिनेल, कडुलिंबाचा धूर, परत फिनेल. सडलेल्या तळावर नवा प्लाय ठोकला. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, जिथे पातळ झाली होती तिथे पट्टी मारली, लांबीची पुट्टी भरली आणि वरून काळं डांबर फासलं. असलं काम मी गॅरेजमध्ये कोणत्याही ट्रकवाल्याला कधी करून दिलं नव्हतं. ट्रकवाला दुसऱ्या दिवशी येऊन कॉलर धरतो. साडू कॉलर धरणारा नव्हता.

पलंग बसला, पडदे लागले, आक्काने आत पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा दोन्ही हात छताला लावून बघितले आणि हसली. साडूने जर्मन बसचं नाव पुन्हा काढलं नाही. जिंकलो, असं मला वाटलं.

कार्तिक संपल्यावर आम्ही ओंकारेश्वराहून निघालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. उपनद्या, ओढे, नाले खुशाल ओलांडा. नर्मदा मात्र नाही, फक्त समुद्राच्या तोंडाशी होडीने पलीकडे जायचं. ओलांडली की परिक्रमा मोडली. मग पुन्हा पहिल्यापासून. मी संकल्प घेतला नव्हता. मी ड्रायव्हर. समुद्राशी ते दोघे होडीत बसले आणि मी एकटा गाडी घेऊन भरूचच्या पुलावरून पलीकडे गेलो, इतका नियम आम्ही पाळत होतो.

वाटेत दुपारी पत्रा तापला की वास उठायचा.

"काही तरी वास येस," आक्का म्हणायची.

"बाहेरना शे, आक्का."

"रोज बाहेरनाच येस का?"

"खतना ट्रक जातस ना हायी रस्तावर."

ती पदर नाकाशी धरायची. साडू खिडकी उघडायचा. मी आरशात बघायचं टाळायचो.

उत्तर तीरावर नेमावरच्या अलीकडे मागून धाड असा आवाज आला आणि गाडी डाव्या अंगावर बसली. खाली जाऊन पाहिलं. मागच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगचा, हँगर चासीतून उपटून आला होता. चासीचा एक हातभर तुकडा त्याच्याबरोबर बाहेर, बिस्किटासारखा. आतून पांढरट खताची खपली पडली माझ्या छातीवर.

आक्काला दोन दिवस ताप होता. ती मागे पलंगावर पांघरूण घेऊन पडलेली. कशीबशी गाडी नेमावरात आणली. तिथला वेल्डर खाली शिरला, बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, फर्श उखाड़नी पड़ेगी. नीचे सब गल गया है. दो-तीन दिन लगेंगे."

त्याचं बरोबर होतं. मीही हेच सांगितलं असतं. गाडी तिथे लावायची, आक्काला आश्रमात झोपवायचं, गावातल्या डॉक्टरला दाखवायचं, तीन दिवस थांबायचं. कोणाला कसली घाई नव्हती. पण प्लाय उचकटला की खाली काय आहे ते साडू बघणार. शाळेच्या पोरांच्या गाडीखाली कोंबडखत कुठून आलं, एवढं मास्तरला कळलं असतं.

मी म्हणालो, याला काही कळत नाही, हरद्याला मोठी गॅरेजं आहेत, तासा-दोन तासात पट्टी लावून देतील.

साडू म्हणाला, "हरदा पल्याड शे ना?"

"हा."

"मंग नर्मदा वलांडनी पडी."

"गाडी वलांडी. गाडीनी काय परिक्रमा शे का?"

"गाडी लई जाय तू. आम्ही आठेच राहतस."

इथे मी गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. मी एकटा गेलो असतो, पट्टी मारून आलो असतो. पण एकट्याने ती गाडी नेणं अवघड होतं. चासी आणि चाकांच्या धुरीच्या मध्ये मी लाकडी ठोकळा घालून साखळीने आवळलं होतं. दर मैलाला उतरून ठोकळा बघायला हवा होता, आणि सरकला असला तर एकाने जॅक धरायचा, दुसऱ्याने तो परत ठोकायचा. म्हणून साडू हवा. आणि तापातल्या बायकोला अनोळखी ठिकाणी एकटी सोडून साडू येणार नव्हता. मग मी ते वाक्य बोललो.

"तिले ताप शे. हरद्याले चांगला डॉक्टर शे. आजारी मानूसले माफ राहस रे."

"आठे बी डॉक्टर व्हई."

"तिले काही व्हयनं तर तुन्ही जबाबदारी."

गाडीच्या बाबतीत साडू माझं ऐकायचा, आणि आता मी त्याला बायकोची भीती घातली होती. तो पुढे येऊन बसला. मी मागचे पडदे ओढून घेतले.

नेमावरचा पूल लांब आहे. आम्ही चालण्याच्या वेगाने जात होतो. पुलाच्या प्रत्येक जोडावर गाडी धडकायची. धड, धड. दोन्ही बाजूंना नदी भरून वाहत होती. साडूने शालीखाली हात जोडले होते.

पडद्यामागून आवाज आला. "पूल शे का?"

मी साडूकडे बघितलं. तो बाहेर बघत होता.

"नाला शे, आक्का. पडी ऱ्हाय."

"बरं," ती म्हणाली.

हरद्यात एकाने काहीही न विचारता लोखंडी पट्टी बोल्टने आवळून दिली. मला असाच माणूस हवा होता. डॉक्टरने तीन गोळ्या दिल्या. नेमावरच्या डॉक्टरनेही त्याच दिल्या असत्या. ऊन उतरायच्या आत आम्ही परत त्याच पुलावरून आलो. "परत पूल?" तिने विचारलं. "तोच नाला," मी म्हणालो. एकदा सांगितलेलं खोटं दुसऱ्यांदा किती सहज निघतं!

पुढे अमरकंटक झालं, दक्षिण तीर झाला. ओंकारेश्वराला तिने पाणी वाहिलं, कुमारिका जेवू घातल्या. गावात आलो तर वाजंत्री. माझ्याही गळ्यात हार पडला. तो काढून मी स्टिअरिंगला अडकवला आणि पुतण्याने तेव्हाच तो व्हिडिओ काढला.

त्यानंतर साडूने फक्त एकदा विषय काढला. केळीला पाणी देत होतो. "सांगूत का रे तिले?" मी म्हणालो, "काबर? आते काय फायदा?" त्याने पाण्याचं बारं फिरवलं आणि पुढच्या सरीला गेला. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात तो हृदयविकाराने गेला. तेव्हा आक्का भेटायला येणाऱ्यांना सांगायची, काही राहिलं असेल-नसेल, पण परिक्रमा तेवढी दोघांनी मिळून पुरी केली. मी ओट्यावर बसून ते ऐकायचो आणि उठून गाडी पुसायला जायचो. पुसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

मी तसाच राहिलो असतो. खरं सांगतो, असाच मेलो असतो. पण गेल्या वर्षी एक परिक्रमावासी आला. पन्नाशीचा, वऱ्हाडातला, शांत माणूस. पायाला चिंधी गुंडाळलेली. जेवण झाल्यावर त्याने आक्काला विचारलं.

"माई, तुमची परिक्रमा झालेली आहे, म्हणून विचारतो. डोंगरात माझा पाय पिकला. तिथल्या लोकांनी होडीने पलीकडच्या दवाखान्यात नेलं, पट्टी केली, परत आणून सोडलं. माझी परिक्रमा मोडली का?"

आक्काने क्षणभरही विचार केला नाही.

"मोडली. परत पहिल्यापासून सुरू करा."

"आजारपणात सूट असते म्हणतात."

"मी तापानं फणफणत होते. दोन दिवस डोळा उघडला नव्हता. तरी मी ओलांडली नाही. तुम्हाला कशी सूट मिळेल?"

तो मान हलवून म्हणाला, बरोबर आहे माई. मी समोर केळं सोलत होतो.  चाळीस दिवस चालून आलेला माणूस, पायाला जखम, आणि माझ्या खोट्यावर हात ठेवून तिने त्याला परत धाडलं होतं.

सकाळी तो शहाद्याला परतीची बस धरायला निघून गेला. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन बसलो.

"आक्का, तो नाला नव्हता."

"कोनता नाला?"

मी सांगितलं. हँगर, हरदा, पूल, साडूचे शालीखालचे हात. ती सुपात बघत राहिली. मग तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"काबर?" तिने विचारलं.

तेव्हा दुसरं सांगावं लागलं. गाडी शाळेची नव्हती, नवापूरच्या कोंबड्यांची होती, तळ उचकटला असता तर ते उघडं पडलं असतं.

आक्काने मान वर केली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"कोंबड्यासनी गाडी शे हाई माले पहिलेच दिन माहीत व्हतं."

"कसं?"

"गादीखाल पीस निघनं. एक नही, तीन-चार. मी खिडकीमाईन फेकी दिधात. यासले बी सांगं नही. म्हटलं, जवाईनी इतली मेहनत करेल शे, कशाले त्यासले कमीपना."

जे लपवण्यासाठी तिला पुलावरून नेलं, ते तिने पहिल्याच दिवशी खिडकीतून फेकून दिलं होतं. माझी अब्रू राखायला.

"तो मानूस गया का?" ती एकदम म्हणाली.

"स्टँडवर व्हई."

"गाडी काढा."

आणि मॅटाडोर सुरू होईना. थंडीत तिला हीटर द्यावा लागतो, थांबावं लागतं, लाडीगोडी लावावी लागते. आक्का पुढच्या सीटवर ताठ बसून होती. "आज तरी," एवढंच म्हणाली, गाडीला की मला ते कळलं नाही. मळ्यातल्या दोघा गड्यांनी ढकलली तेव्हा काळा धूर सोडून ती निघाली. स्वस्त पर्याय म्हणतात तो हा.

शहाद्याच्या स्टँडवर तो खेतियाकडच्या फलाटाशी उभा होता. आक्का माझा हात न घेता उतरली. त्या गुडघ्यांनी ती इतकं भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं.

"महाराज, थांबा. काल मी सांगितलं ते मागे घेते. मला तापाच्या गुंगीत पुलावरून नेलं होतं. मला माहीत नव्हतं. माझीही मोडलेली आहे. तुम्हाला सांगणारी मी कोण?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे बोट दाखवायची तिला गरजच पडली नाही.

"माई, तुम्ही गुंगीत होतात," तो म्हणाला. "मी जागा होतो. होडीत पाय मी टाकला."

"म्हणून काय झालं? पाय पिकला होता तुमचा."

"वाटेत सगळे हेच म्हणाले, चालतं हो, आजारपणात चालतं. ऐकून बरं वाटत नव्हतं. कोणीतरी मोडली म्हणावं, याच्यासाठीच विचारत होतो. तुम्ही म्हणालात."

बस लागली. तो पाया पडायला वाकला तर आक्काने पाय मागे घेतले. त्याने लांबूनच हात जोडले, काठी आडवी करून दारातून आत गेला. मला त्याने नमस्कार केला नाही, ते योग्यच झालं.

घरी आल्यावर आक्का म्हणाली, आजपासून आपल्याकडे जो कोणी परिक्रमेचा माणूस येईल त्याला तुम्ही हे सगळं सांगायचं. पूल, कोंबड्या, सगळं. जेवण वाढायच्या आधी. मी काही सांगणार नाही.

तेव्हापासून सांगतो आहे. एक बाबा ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. एका बाईने ताट बाजूला सरकवलं आणि नुसतं पाणी पिऊन गेली. एकजण मन लावून ऐकत होता, मला वाटलं हा काहीतरी समजूत घालेल. संपल्यावर त्याने विचारलं, "पण काका, मॅटाडोर अजून कुठे मिळेल का? मलाही अशीच बनवायची आहे." मी त्याला गाडीखाली नेलं, स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणालो, विकत घेण्याआधी चासीत असा खुपसून बघा. आत गेला तर मागे फिरा, मग विकणारा तुमचा साडू असला तरी.

पावसाळ्यात मी तो प्लाय शेवटी उचकटला. सगळा सडका तळ कापून टाकला, नवीन लोखंडी चॅनल घातले, आतून-बाहेरून रंग दिला. जे पाच वर्षांपूर्वी करायचं ते आता केलं. दिवाळीनंतर आक्काला म्हणालो, गाडी पक्की झाली, पुन्हा जाऊ या. ती पापड वाळत घालत होती.

"नको."

"आते खरंच पक्की शे, आक्का."

"गाडी पक्की व्हई. मी बसमा जास."

गावातल्या बायकांबरोबर तिने नाव दिलं होतं. चाळीस माणसं, पहाटे उठणं, दुसऱ्याच्या हातचं जेवण, सगळं कबूल करून. मी स्टँडपर्यंत सोडायला निघालो तर म्हणाली, "तुम्ही आठे बठा. येनारासले जेवाडा, आनि सांगा."

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. कोण्या बाईने लावून दिला असावा. आधी नुसतं आकाश दिसलं, मग तिचा कान, मग घाट आणि पाणी. तिने फोन हळूहळू फिरवला आणि एका जागी धरला. लांबच लांब पूल. त्यावरून एक ट्रक जात होता, मुंगीएवढा.

"नेमावरले शे मी," ती म्हणाली. "हाऊच का?"

"हाऊच."

वाऱ्याचा आवाज येत राहिला. फोन तिने तसाच पुलाकडे धरून ठेवला होता. मागे कोणी हाका मारत होतं, बस निघते म्हणून.

"इतला मोठा पूल," आक्का म्हणाली, "आनि तुम्ही म्हने नाला."

मी पडद्यावरच्या पुलाकडे बघत बसलो.

"जेवाले कोन शे आज?"

"दोन जन शेतस."

"सांगं का त्यासले?"

"अजून नही."

"मंग सांगा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

ते दोघे हौदावर हातपाय धूत होते. मी भात झाकून ठेवला आणि ओट्यावर त्यांच्यासाठी पाट मांडले.